इलेक्ट्रॉनिक्स आणि विजेची सुरुवात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. १ ते २० हे प्रश्न मुख्यतः बॅटरीवर किंवा छोट्या ॲडॅप्टरवर चालणाऱ्या सर्किटांचे आहेत. घरातल्या विजेचे प्रश्न २१ पासून पुढे आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. व्होल्टेज, करंट, रेझिस्टन्स यांच्या व्याख्या पाठ आहेत, पण डोक्यात बसत नाहीत. नेमकं काय समजायचं?

व्होल्टेज हा दोन ठिकाणांमधला फरक असतो. एकट्या बिंदूला व्होल्टेज नसतं. 'या पायावर (भागाच्या धातूच्या टोकावर) ५ व्होल्ट आहेत' असं म्हणताना 'बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत' हे शब्द गृहीत धरलेले असतात. एवढं पटलं की निम्मा गोंधळ संपतो. करंट म्हणजे एखाद्या जागेतून दर सेकंदाला किती चार्ज पुढे सरकतो ते. तो दोन ठिकाणांमध्ये नसतो, तारेतून वाहतो, आणि वाहायला त्याला बंद वळसा लागतो: बॅटरीच्या प्लसपासून निघून पुन्हा मायनसपर्यंत. वळसा कुठेही तुटला की सगळीकडचा करंट थांबतो. त्या वाटेतला अडथळा म्हणजे रेझिस्टन्स, पाठ्यपुस्तकातला 'रोध'.

तिघांचं नातं जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलं: व्होल्टेज = करंट × रोध. रोजच्या हिशोबासाठी एक सोय लक्षात ठेवा. व्होल्टला किलोओहमने भागलं की उत्तर थेट मिलिअँपिअरमध्ये येतं. ९ व्होल्ट आणि १ किलोओहम, म्हणजे ९ मिलिअँपिअर. शून्यं मोजत बसावं लागत नाही.

२. करंट प्लसकडून मायनसकडे जातो की उलट? पुस्तकात दोन्ही दिसतं.

धातूच्या तारेत सरकतात ते इलेक्ट्रॉन, आणि ते मायनसकडून प्लसकडे जातात. पण प्लस-मायनस ही नावं अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन यांच्या काळात पडली, आणि इलेक्ट्रॉनचा शोध लागला १८९७ मध्ये. तोवर 'करंट प्लसकडून मायनसकडे' हा संकेत सगळीकडे रुळला होता. आजही सर्व डायग्राम त्याच संकेताने काढतात आणि डायोडच्या (करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाच्या) चिन्हातला बाणही तीच दिशा दाखवतो. गणित दोन्ही पद्धतींनी सारखंच येतं. प्लसकडून मायनसकडे धरा आणि पुढे चला.

३. सुरुवातीला काय काय सामान घ्यावं?

एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचून जोडायची भोकांची पाटी), एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि तीन एए सेल बसणारा होल्डर, म्हणजे ४.५ व्होल्ट. रेझिस्टर २२०, ४७०, १ हजार, १० हजार आणि १ लाख ओहमचे, प्रत्येकी दहा. लाल एलईडी दहा, कारण त्यातले दोन-तीन जळणारच. ०.१ मायक्रोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) दहा, १० आणि १०० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक तीन-तीन. ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड आणि पुश बटणं पाच-पाच. वायर एकसंध तांब्याची, २२ गेजची घ्या. अनेक बारीक तारांची मऊ वायर ब्रेडबोर्डच्या भोकात शिरताना पिसारते.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेले लिथियम सेल सुरुवातीला नकोत. तो सेल शॉर्ट झाला तर इतका करंट देतो की बारीक वायर काही सेकंदांत लाल होते आणि सेलही पेटू शकतो. एए सेल तुलनेने क्षमाशील असतात, तरी त्यांचीही दोन टोकं तारेने जोडून ठेवू नका.

४. एलईडीला रेझिस्टर लावायलाच हवा का? आणि किती ओहमचा?

हवाच. एलईडी हा डायोड आहे, रेझिस्टर नव्हे. लाल एलईडी साधारण १.८ व्होल्टपर्यंत जवळजवळ काहीच करंट घेत नाही, आणि त्यापुढे जरासं व्होल्टेज वाढलं तरी करंट झपाट्याने चढतो. त्याला आवर घालणारं दुसरं काहीच वाटेत नसतं. म्हणून रेझिस्टर.

हिशोब असा: बॅटरीच्या व्होल्टेजमधून एलईडीचं व्होल्टेज वजा करा आणि हव्या त्या करंटने भागा. लाल, पिवळ्या एलईडीला सुमारे २ व्होल्ट धरा. निळ्या आणि पांढऱ्याला ३ ते ३.३. साध्या ५ मिलिमीटरच्या एलईडीची मर्यादा बहुधा २० मिलिअँपिअर असते, पण १० मध्ये तो छान दिसतो. ९ व्होल्टवर लाल एलईडी: ९ वजा २ म्हणजे ७ व्होल्ट, भागिले १० मिलिअँपिअर, म्हणजे ७०० ओहम. बाजारात ६८० मिळतो, तो लावा. रेझिस्टरमध्ये खर्च होणारी शक्ती ७ व्होल्ट × ०.०१ अँपिअर, म्हणजे ०.०७ वॅट, नेहमीचा पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. ४.५ व्होल्टवर २५० ओहम येतात, तिथे २७० लावा.

रेझिस्टर एलईडीच्या आधी लावा किंवा नंतर, फरक पडत नाही. एकाच वळशात सगळीकडे करंट तेवढाच असतो. एलईडीचा लांब पाय प्लसकडे. पाय कापलेले असतील तर कडेची सपाट बाजू मायनसची.

'पण सीआर २०३२ बटण सेलवर एलईडी रेझिस्टरशिवाय चालतो की!' चालतो, कारण त्या सेलचा आतला रोधच रेझिस्टरचं काम करतो. दुसऱ्या कुठल्या सेलवर तोच प्रयोग करू नका. एका रेझिस्टरवर अनेक एलईडी लावायचे असतील तर प्रश्न १५ पाहा.

५. रेझिस्टरवरचे रंग कसे वाचायचे?

काळा ०, तपकिरी १, लाल २, नारिंगी ३, पिवळा ४, हिरवा ५, निळा ६, जांभळा ७, राखाडी ८, पांढरा ९. चार पट्टे असतील तर पहिले दोन अंक, तिसरा म्हणजे पुढे किती शून्यं, आणि चौथा अचूकता: सोनेरी ५ टक्के, चंदेरी १० टक्के. निळा-राखाडी-तपकिरी म्हणजे ६, ८ आणि एक शून्य: ६८० ओहम. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० हजार. पाच पट्टे असतील तर पहिले तीन अंक आणि चौथा शून्यांचा. तिथे ६८० ओहम हा निळा-राखाडी-काळा-काळा असा दिसतो आणि शेवटचा तपकिरी पट्टा १ टक्का सांगतो.

पाच पट्ट्यांच्या निळसर रेझिस्टरवर कुठून सुरुवात करायची हेच अनेकदा कळत नाही, आणि पिवळ्या उजेडात लाल, तपकिरी, नारिंगी सारखेच भासतात. डोळे ताणण्यापेक्षा मीटर लावा.

६. ब्रेडबोर्डची भोकं आतून कशी जोडलेली असतात?

मधल्या भागात पाच-पाच भोकांचा एक गट आतून एकाच पत्र्याला जोडलेला असतो. मधली खाच हे गट तोडते. आयसी (अनेक पायांची चिप) त्या खाचेवर बसवतात, म्हणजे समोरासमोरचे पाय एकमेकांना जोडले जात नाहीत. कडेच्या लाल-निळ्या लांब पट्ट्या सप्लायसाठी.

नवख्यांना फसवणाऱ्या जागा दोन. पहिली, रेझिस्टरचे दोन्ही पाय एकाच पाच भोकांच्या गटात खोचणे. रेझिस्टर तिथे असतो, पण सर्किटच्या दृष्टीने नसतो, कारण दोन्ही टोकं पत्र्याने जोडली गेलेली असतात. दुसरी, मोठ्या ब्रेडबोर्डवर कडेची पट्टी मध्यभागी तुटलेली असणे. रंगीत रेघ तिथे तुटलेली दिसते, ती छपाईची चूक नसते. अलीकडच्या आणि पलीकडच्या टोकाला मीटरचा बीप मोड लावून एकदा खात्री करा. मोटरसारखा मोठा करंट ब्रेडबोर्डवरून नेऊ नका, स्प्रिंगा तापून ढिल्या पडतात.

७. ग्राउंड म्हणजे अर्थिंगच ना? बॅटरीच्या सर्किटला जमीन कुठून आणायची?

कुठूनही नाही. इलेक्ट्रॉनिक्समध्ये ग्राउंड म्हणजे 'इथून मोजायला सुरुवात' असा ठरवलेला बिंदू, बहुतेक वेळा बॅटरीचा मायनस. घरातलं अर्थिंग खरोखर जमिनीत जातं आणि त्याचं काम सुरक्षेचं असतं. चिन्हं आणि नावं एकमेकांत मिसळल्यामुळे हा घोळ होतो.

प्रत्यक्षात नडतं ते इथे: मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणाऱ्या चिपचा बोर्ड) यूएसबीवर आणि मोटर वेगळ्या बॅटरीवर असेल, तर दोघांचे मायनस एकमेकांना जोडावेच लागतात. नाहीतर एकाने पाठवलेले '५ व्होल्ट' दुसऱ्याला कशाच्या तुलनेत मोजायचे हेच कळत नाही, आणि सिग्नलचा वळसाही पुरा होत नाही. प्लस मात्र जोडायचे नाहीत.

८. मल्टिमीटरने करंट मोजायला गेलो तर ठिणगी उडाली आणि आता करंट दाखवतच नाही. काय चुकलं?

मीटर बॅटरीच्या दोन टोकांना लावला गेला. व्होल्टेज दोन बिंदूंमध्ये मोजतात, सर्किट तसंच ठेवून. करंट मोजायचा तर वळसा एके ठिकाणी तोडून त्या फटीत मीटर बसवावा लागतो, म्हणजे सगळा करंट मीटरमधूनच जातो. त्यासाठी करंटच्या मोडमध्ये मीटरचा रोध जाणूनबुजून अगदी कमी ठेवलेला असतो. असा मीटर बॅटरीच्या टोकांना लावला की तो साध्या तारेसारखा वागतो, म्हणजे थेट शॉर्ट.

बहुतेक वेळा मिलिअँपिअरचा आतला फ्यूज उडालेला असतो. मागचं झाकण उघडून त्याच अँपिअरचा, त्याच व्होल्टेजचा आणि त्याच प्रकारचा फ्यूज घाला. तार गुंडाळून काम भागवू नका.

खरा धोका पुढे असतो. करंट मोजून झाल्यावर लाल वायर १० अँपिअरच्या भोकात तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मीटरने सॉकेटचं व्होल्टेज मोजलं जातं. स्वस्त मीटरांत त्या भोकामागे फ्यूज नसतोही. म्हणून करंट मोजला की लगेच वायर व्होल्टच्या भोकात परत, ही सवय हाताला लागायलाच हवी.

करंट मोजायचा दुसरा, बिनधोक मार्ग: वाटेत आधीच असलेल्या रेझिस्टरच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा आणि ओहमने भागा. ६८० ओहमवर ६.८ व्होल्ट, म्हणजे १० मिलिअँपिअर. वळसा तोडायचीही गरज नाही.

९. सर्किटमध्ये बसलेला १० हजार ओहमचा रेझिस्टर मीटरवर ३ हजार दाखवतो. खराब झाला का?

बहुधा नाही. मीटर त्याच्या दोन टोकांमधल्या सगळ्या वाटांचा मिळून रोध मोजतो, आणि समांतर वाटांमुळे आकडा कमीच येतो. एक पाय मोकळा करून मोजा. आकडा छापील किमतीपेक्षा बराच जास्त आला, तर मात्र रेझिस्टर खरोखर गेला असण्याचा संभव आहे. रोध मोजताना सप्लाय बंद हवा. चालू सर्किटवर येणारा आकडा निरर्थक असतो आणि मीटरलाही इजा होऊ शकते.

१०. सेल मीटरवर १.३ व्होल्ट दाखवतो, तरी काही चालत नाही. आणि नव्या ९ व्होल्टच्या बॅटरीवरही मोटर दमते, ते का?

दोन्हीचं कारण सेलच्या आतला रोध. नुसता मीटर लावला तर करंट जवळजवळ वाहतच नाही, म्हणून थकलेला सेलही ताठ उभा दिसतो. त्याला थोडं काम देऊन पाहा: सेलच्या टोकांना १० ओहमचा रेझिस्टर दोन-तीन सेकंद लावा आणि त्याच वेळी व्होल्टेज मोजा. ताजा एए सेल फारसा खाली येत नाही. थकलेला १.१ च्या खाली कोसळतो.

९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीत सहा चिमुकले सेल एकापुढे एक असतात. क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास, आणि आतला रोध नवी असतानाही १ ते २ ओहम. छोटी मोटर सुरू होताना सहज १ अँपिअर मागते, म्हणजे सुरुवातीलाच एक-दोन व्होल्ट बॅटरीच्या आत खर्च. ही बॅटरी एलईडी आणि सेन्सरसाठी ठीक. मोटर, सर्वो यांच्यासाठी चार एए सेल कितीतरी बरे.

११. उपकरणावर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय. ३ अँपिअरचा ॲडॅप्टर लावला तर जळेल का?

नाही. ॲडॅप्टरवरचा अँपिअरचा आकडा म्हणजे 'एवढा देऊ शकतो'. किती घ्यायचा ते उपकरण ठरवतं. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त. कमी अँपिअरचा लावला तर ॲडॅप्टर तापतो किंवा बंद-चालू होत राहतो.

प्लगची दिशा जरूर पाहा. गोल प्लगमध्ये बहुधा मधला भाग प्लस असतो, पण उलटेही असतात. गिटारच्या इफेक्ट पेडलना तर मध्ये मायनसच लागतो. ॲडॅप्टरवर वर्तुळाचं छोटं चिन्ह छापलेलं असतं, त्यात कळतं. जड, जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲडॅप्टरांबद्दल एक सावधगिरी: त्यांतले बरेचसे भार नसताना छापील १२ ऐवजी १६-१७ व्होल्ट देतात. मीटरने मोजल्याशिवाय लावू नका.

१२. ९ व्होल्टचे ५ करायला दोन रेझिस्टर लावले. मीटरवर ५ आले, पण मॉड्यूल जोडलं की १ व्होल्टही उरत नाही.

तुम्ही बनवला तो व्होल्टेज डिव्हायडर. ८.२ किलोओहम आणि १० किलोओहम घेतले, तर मध्यावर ४.९५ व्होल्ट येतात, तेही तिथून कुणी करंट घेत नाही तोवर. आता १ किलोओहमचा भार लावा. तो खालच्या १० किलोओहमला समांतर बसतो, दोघांचे मिळून ९०९ ओहम होतात, आणि मध्यावर उरतात सुमारे ०.९ व्होल्ट. मॉड्यूल किंवा बॅटरी यांत काही दोष नाही.

डिव्हायडर सप्लायसाठी नसतो, सिग्नलसाठी असतो. ५ व्होल्टचा सिग्नल ३.३ व्होल्टच्या बोर्डला द्यायचा असेल तर वर १ किलोओहम, खाली २ किलोओहम लावा, मधून ३.३३ व्होल्ट मिळतात आणि इनपुट पाय जवळजवळ करंट घेत नसल्यामुळे ते टिकतात. सप्लायसाठी प्रश्न १३.

१३. मग ७८०५ (स्थिर ५ व्होल्ट देणारी आयसी) लावला. चालतो, पण हात लावता येत नाही इतका तापतो.

७८०५ जादा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, करंट अर्धा अँपिअर: ७ × ०.५ = ३.५ वॅट. हीटसिंकशिवाय (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्टीशिवाय) त्याला १ वॅटच्या आसपास झेपतं. त्यापुढे तो स्वतःला बंद करतो, निवला की पुन्हा चालू होतो. 'दर मिनिटाला रीसेट होतं' ही तक्रार बरेचदा यातूनच येते. आत येणारं व्होल्टेज कमी करा, हीटसिंक लावा, नाहीतर बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारा तयार बोर्ड) वापरा, तो फारसा तापत नाही. दुसऱ्या टोकाची मर्यादाही असते: आत किमान ७ व्होल्ट लागतात. ९ व्होल्टची बॅटरी उतरून सातच्या खाली गेली की बाहेरचे ५ व्होल्टही घसरतात.

१४. कपॅसिटरवर १०४ लिहिलंय, ते किती? आणि प्लस-मायनस कसा ओळखायचा?

पहिले दोन अंक, तिसरा शून्यांची संख्या, उत्तर पिकोफॅरडमध्ये. १०४ म्हणजे १,००,००० पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. १०३ म्हणजे ०.०१. अशा छोट्या सिरॅमिक कपॅसिटरला दिशा नसते.

डबीसारख्या इलेक्ट्रोलिटिकला असते: अंगावरची पट्टी मायनसची, लांब पाय प्लसचा. थेंबासारख्या टँटलम कपॅसिटरवर मात्र खूण प्लसची असते, बरोबर उलट. इथे अनुभवी माणसंही फसतात. उलटा लावलेला इलेक्ट्रोलिटिक तापतो, फुगतो आणि फुटतो. टँटलम पेटूही शकतो. छापील व्होल्टेज सर्किटच्या दीडपट ते दुप्पट असू द्या.

१५. एकाच रेझिस्टरवर चार एलईडी समांतर लावले तर चालेल?

दिसायला चालतं. पण प्रत्येक एलईडीचं व्होल्टेज किंचित वेगळं असतं. ज्याचं सर्वांत कमी तो जास्त करंट ओढतो, तापतो, तापला की त्याचं व्होल्टेज आणखी उतरतं, आणि तो आणखी ओढतो. तो गेला की त्याचा वाटा उरलेल्या तिघांवर. प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर द्या, किंवा व्होल्टेज पुरत असेल तर एकापुढे एक लावा: ९ व्होल्टवर तीन लाल म्हणजे ६ व्होल्ट गेले, ३ उरले, १० मिलिअँपिअरसाठी ३०० ओहम, तिथे ३३० लावा. लाल आणि पांढरा समांतर लावले तर पांढरा पेटतच नाही. कारण प्रश्न ४ मधल्या आकड्यांत आहे.

१६. बोर्डच्या पायावरून रिले (कॉइलने चालणारा स्विच) थेट चालवला तर काय बिघडतं? ट्रान्झिस्टर आणि डायोड कसे जोडायचे?

५ व्होल्टच्या छोट्या रिलेची कॉइल साधारण ७० ओहमची असते, म्हणजे ती ७० मिलिअँपिअर मागते. आर्डुइनो उनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डच्या पायाला २० च्या आतच ठेवावं. म्हणून मध्ये एनपीएन ट्रान्झिस्टर (त्याचे तीन पाय एमिटर, बेस, कलेक्टर; बेसमधला छोटा करंट बाकी दोघांमधला मोठा करंट चालू-बंद करतो): एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॉइलच्या एका टोकाला, कॉइलचं दुसरं टोक ५ व्होल्टला. ट्रान्झिस्टर स्विचसारखा पुरता चालू व्हावा म्हणून बेसला कलेक्टरच्या दहावा भाग करंट द्या, इथे ७ मिलिअँपिअर. बेस-एमिटरमध्ये ०.७ व्होल्ट जातात, उरले ४.३, भागिले ७ मिलिअँपिअर म्हणजे सुमारे ६१४ ओहम. ५६० लावा. बीसी ५४७ ची मर्यादा १०० मिलिअँपिअर आहे, त्यामुळे इथे २एन२२२२ वर्गातला बरा.

कॉइलला समांतर १एन४००७ डायोड, पट्ट्याची बाजू प्लसकडे. करंट अचानक तोडला की कॉइल तो चालू ठेवायला धडपडते आणि तुटलेल्या जागी कितीतरी पट व्होल्टेज उसळतं. डायोड त्याला परतीची वाट देतो. तो नसेल तर ट्रान्झिस्टर आज ना उद्या जातो. उलटा लावला, तर ट्रान्झिस्टर चालू झाल्याबरोबर सप्लाय शॉर्ट.

पायांचा क्रम नक्की पाहा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली: बीसी ५४७ मध्ये डावीकडून कलेक्टर-बेस-एमिटर, पीएन२२२२ मध्ये एमिटर-बेस-कलेक्टर. आणि पी२एन२२२२ मध्ये पुन्हा कलेक्टर-बेस-एमिटर! नाव जवळजवळ तेच, क्रम उलटा. डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडण्याला पर्याय नाही.

१७. बटण दाबलेलं नसतानाही बोर्डला दाबल्यासारखं वाटतं. हात जवळ नेला तरी बदलतं.

बटण सुटलेलं असताना तो पाय कशालाच जोडलेला नाही. हवेत लटकणारा इनपुट आजूबाजूच्या तारांमधलं काहीही उचलतो. पाय आणि ग्राउंड यांच्यात १० किलोओहम लावा, आणि बटण पाय व प्लसमध्ये ठेवा. बोर्डमध्ये आतला पुल-अप (पायाला प्लसकडे ओढून धरणारा रेझिस्टर) असेल तर तो चालू करा आणि बटण ग्राउंडकडे जोडा. मग दाबल्यावर ० वाचलं जाईल, त्याप्रमाणे प्रोग्रॅम बदला.

१८. सोल्डर चिकटतच नाही, गोळी होऊन घरंगळते.

सोल्डर तापलेल्या धातूकडे जातं. सोल्डरिंगच्या इस्त्रीवर (सोल्डरिंग आयर्नवर) वितळवून थेंब वर टाकला तर खालचा थंड पाय त्याला धरत नाही. क्रम असा: टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर किंचित सोल्डर लावा, टोक एकाच वेळी पाय आणि पॅड दोघांना एक-दीड सेकंद टेकवा, मग सोल्डरची तार दुसऱ्या बाजूने पायाला लावा. ती आपोआप पसरते. आधी तार काढा, मग इस्त्री, आणि घट्ट होईपर्यंत हलवू नका. सगळं दोन ते तीन सेकंदांत.

६३/३७ चं शिसेयुक्त सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळतं, बिनशिशाचं २१७ च्या पुढे. टोक ३२० ते ३५० अंशांवर ठेवा. चांगला डाख पायाभोवती खोलगट उताराने चढलेला असतो. फुगीर गोळा म्हणजे खालचा धातू तापलाच नव्हता. असा 'थंड' जोड आज चालतो आणि महिन्याभराने हलवल्यावर बंद पडतो. थोडा फ्लक्स (धातू साफ करणारा पदार्थ) लावून पुन्हा तापवला की बहुधा सुधारतो. नळकामाचा आम्लयुक्त फ्लक्स वापरू नका, तो तांबं खातो. खिडकी उघडी ठेवा, आणि शिशाच्या सोल्डरनंतर जेवण्याआधी हात धुवा.

१९. डायग्रामप्रमाणे सगळं जोडलंय, तरी चालत नाही. शोधायला सुरुवात कुठून करू?

भाग बदलत सुटू नका, त्यात चांगलेही जळतात. मीटरची काळी टोकणी बॅटरीच्या मायनसला धरा आणि लाल टोकणीने प्लसपासून एकेक बिंदू पुढे जा. बॅटरीवर ४.५, पट्टीवर ४.५, आयसीच्या सप्लायच्या पायावर शून्य? मग दोष त्या मधल्या दोन इंचांत आहे. डायग्रामवर नाही, आयसीच्या पायाच्या धातूवरच मोजा. वाकून पोटाखाली गेलेला पाय असाच सापडतो. नंतर लाल टोकणी प्लसला ठेवून ग्राउंडकडची बाजूही तशीच तपासा, ती बहुतेकजण विसरतात.

काही तापत असेल तर आधी सप्लाय काढा. अधूनमधून अडखळत असेल तर आयसीच्या सप्लायच्या पायांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरड लावून पाहा.

२०. २३० व्होल्ट ६० वॅटच्या तारेच्या बल्बचा रोध ८८२ ओहम यायला हवा. मीटर ६५ दाखवतो. ओहमचा नियम चुकतो का?

नियम चुकत नाही, बल्ब थंड आहे. जळताना टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तिचा रोध दहापटीहून अधिक वाढतो. ८८२ हा तापलेल्या तारेचा आकडा. चालू करतानाच्या क्षणी करंट त्याच पटीत जास्त असतो, म्हणून असे बल्ब बहुधा बटण दाबतानाच जातात.

२१. किती व्होल्टचा झटका धोकादायक?

इजा करतो तो शरीरातून जाणारा करंट, पण तो व्होल्टेज आणि त्वचेच्या रोधावर ठरतो. १ मिलिअँपिअरच्या आसपास मुंग्या जाणवतात, १० च्या पुढे स्नायू आवळून पकड सुटत नाही, आणि छातीतून काही दहा मिलिअँपिअर गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. ओल्या हातांचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्टला तो २३० मिलिअँपिअर. १२० व्होल्टही जिवावर बेतण्याइतके आहेत. कोरड्या हाताने ९ किंवा १२ व्होल्टच्या बॅटरीला स्पर्श केला तर काही जाणवत नाही. सॉकेटची वीज या पानावरच्या प्रयोगांसाठी नाहीच.

२२. मग उघड्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही कसं होत नाही?

त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, इंचभर अंतरावर. त्या दोन बिंदूंमध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य, म्हणून करंट नाही (प्रश्न १). पंख दुसऱ्या तारेला किंवा खांबाच्या लोखंडाला टेकला की संपलं.

२३. घरात एमसीबी आहे. झटक्यापासून तेवढं पुरे ना?

नाही. एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ च्या पुढे हलतो. जीव त्याच्या कितीतरी आधी जातो. माणसासाठी आरसीसीबी: फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट यांत साधारण ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात तोडतो. तरी एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आला तर करंट नीट 'परतलेला' दिसतो आणि आरसीसीबीला काहीच कळत नाही. त्याच्या भरवशावर चालू लाइनला हात लावू नये.

२४. बटण बंद असूनही एलईडी बल्ब मंद चमकतो, आणि बंद तारेत मीटर ८० व्होल्ट दाखवतो. वीज गळतेय का?

बहुधा नाही. चालू तारेला लागून लांबवर गेलेल्या बंद तारेत, दोघींमधल्या कपॅसिटन्समुळे क्षीण करंट उतरतो. मीटरचा रोध १० मेगाओहम असल्याने तेवढ्यावरही तो मोठा आकडा दाखवतो. भार लावला की हे भुताटकी व्होल्टेज नाहीसं होतं. एलईडी बल्बला मंद चमकायला एवढा करंट पुरतो.

दुसरं कारण मात्र गंभीर आहे: स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये बसवलेला असणे. मग बटण बंद असतानाही होल्डर फेजवरच असतो. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आणि तोवर बल्ब बदलताना मेन स्विच बंद करा.

२५. प्लग काढल्यावर उपकरण उघडणं सुरक्षित असतं का?

दर वेळी नाही. चार्जर, टीव्ही, संगणकाचा पॉवर सप्लाय यांत मोठा कपॅसिटर असतो. २३० व्होल्टच्या लाइनचं शिखर ३२५ व्होल्ट असतं आणि कपॅसिटर तिथपर्यंत भरतो. तो रिकामा करणारा रेझिस्टर बहुधा असतो, पण बिघडलेल्या उपकरणात नेमका तोच गेलेला असू शकतो. कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा कपॅसिटर तर दोन छोट्या सेलवर ३०० व्होल्टपर्यंत भरतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडण्याचा उपाय सांगितला जातो, तो करू नका. टोक वितळून उडतं. मायक्रोवेव्ह ओव्हन अजिबात उघडू नका. त्याच्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट असतात.